अलेक इसिगोनिस

सर अलेक्झांडर अर्नोल्ड कॉन्स्टंटाईन इसिगोनिस (१८ नोव्हेंबर १९०६, स्मर्ना, ऑटोमन साम्राज्य – २ ऑक्टोबर १९८८, बर्मिंगहॅम, इंग्लंड) हे ग्रीक-जर्मन वंशाचे ब्रिटिश मोटार अभियंते व रचनाकार होते. मॉरिस मायनर (१९४८) आणि मिनी (१९५९) या दोन मोटारींचे जनक म्हणून ते ओळखले जातात. आडवे बसवलेले इंजिन आणि इंजिनाची शक्ती पुढील चाकांना देणारी रचना ही त्यांनी मिनीमध्ये रूढ केलेली मांडणी पुढे जगभरातील छोट्या मोटारींनी स्वीकारली. मात्र त्यांचे मूळ क्षेत्र इंजिनाचे नव्हते. ते सस्पेन्शनचे, म्हणजे चाके आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या लवचीक यंत्रणेचे अभियंते होते. सर्वसामान्य कुटुंबासाठी आखलेली मिनी टूरिंग कार शर्यतींत अनेकपट शक्तिमान मोटारींना भारी ठरली, त्याचे मूळ याच विषयातील त्यांच्या विचारात आहे.

जन्म आणि बालपण

इसिगोनिस यांचे आजोबा पारोस या ग्रीक बेटावरून स्मर्ना (आजचे तुर्कस्तानातील इझमीर) येथे येऊन स्थायिक झाले. स्मर्ना–आयदिन हा लोहमार्ग ब्रिटिशांनी बांधला. त्या कामात सहभागी झाल्यामुळे आजोबांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. त्यामुळे तुर्की भूमीवर जन्मलेले वडील कॉन्स्टंटाईन आणि पुढे अलेक हे दोघेही जन्मतः ब्रिटिश प्रजाजन होते. वडिलांचा जहाजांच्या यंत्रांचा कारखाना होता. आई हुल्डा प्रोकोप या स्मर्नातील जर्मन कुटुंबातील होत्या. कारखान्याच्या आवारात वाढलेल्या अलेक यांना यंत्रांची ओळख पुस्तकांआधीच झाली.

पहिल्या महायुद्धानंतर ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले. सप्टेंबर १९२२ मध्ये तुर्की सैन्य स्मर्नात शिरण्याच्या सुमारास ब्रिटिश नौदलाने आपल्या नागरिकांना तेथून हलवले. त्यांत इसिगोनिस कुटुंबही होते. पाठोपाठ लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. घर, कारखाना, मालमत्ता सारे मागे टाकून हे कुटुंब माल्टा बेटावर पोहोचले. वडील आजारी होते. ते माल्टातच वारले. सोळा वर्षांचे अलेक आणि त्यांची आई १९२३ मध्ये इंग्लंडला आले. यानंतर मायलेक जवळजवळ पन्नास वर्षे एकत्र राहिले. इसिगोनिस यांनी लग्न केले नाही.

शिक्षण

लंडनमधील बॅटरसी पॉलिटेक्निक येथे त्यांनी तीन वर्षांचा यांत्रिक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. चित्रकलेत आणि आरेखनात ते उत्तम होते, परंतु गणितात तीन वेळा अनुत्तीर्ण झाले. शुद्ध गणित हे सर्जनशील माणसाच्या वाटेतील अडथळा आहे, असे मत ते पुढे आयुष्यभर मांडत राहिले. या मताकडे थोड्या सावधपणेच पाहिले पाहिजे, कारण त्यांच्या कल्पना कागदावरून रस्त्यावर आणणाऱ्या सहकाऱ्यांना, विशेषतः जॅक डॅनियल्स यांना, आकडेमोड टाळून चालत नसे. इसिगोनिस मुक्तहस्ताने रेखाटन करीत आणि डॅनियल्स त्याचे मोजमापांसह आरेखन तयार करीत. ही जोडी मॉरिस कंपनीत जमली आणि मिनीपर्यंत टिकली.

सस्पेन्शनकडे

१९२८ मध्ये लंडनमधील एका छोट्या अभियांत्रिकी संस्थेत गिअर बदलताना क्लच आपोआप सुटावा यासाठीच्या उपकरणावर त्यांनी काम सुरू केले. १९३४ मध्ये ते कव्हेंट्री येथील हंबर कंपनीत आरेखक म्हणून रुजू झाले. त्या काळी बहुतेक ब्रिटिश मोटारींची पुढील दोन्ही चाके एकाच अखंड दांड्याला जोडलेली असत. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलत असे आणि चालकाच्या हातातील सुकाणूला हिसका बसे. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खालीवर व्हावे, ही कल्पना तेव्हा ब्रिटनमध्ये नवी होती. हंबरमध्ये इसिगोनिस यांना याच विषयावर काम मिळाले आणि हाच त्यांचा विषय ठरला.

१९३६ मध्ये ते ऑक्सफर्डजवळील काउली येथे मॉरिस मोटर्समध्ये आले. तेथे डॅनियल्स यांच्यासह त्यांनी पुढील चाकांसाठी स्प्रिंग आणि दुहेरी विशबोन यांची स्वतंत्र सस्पेन्शन तयार केली. सोबत रॅक-पिनियन पद्धतीचे सुकाणूही होते. खर्चाच्या कारणाने आणि नंतर युद्धामुळे ती लगेच वापरली गेली नाही, पण १९४७ च्या एमजी वाय या मोटारीत तिचा उपयोग झाला.

लाइटवेट स्पेशल

तरुणपणी इसिगोनिस स्वतः शर्यतींत उतरत असत. ऑस्टिन सेव्हन ही छोटी मोटार ते टेकडीचढणीच्या शर्यतींत चालवत. १९३३-३४ पासून त्यांनी मित्र जॉर्ज डाउसन यांच्यासह स्वतःची शर्यतीची मोटार बांधायला घेतली. दिवसभर नोकरी आणि उरलेल्या वेळी हे काम, असे ते सुमारे चार वर्षे चालले. बहुतेक भाग हातांनी घडवले गेले. ‘लाइटवेट स्पेशल’ या नावाने ओळखली जाणारी ही मोटार १९३८ मध्ये पुरी झाली.

या मोटारीत वेगळी चौकट नव्हती. प्लायवुडच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवून केलेल्या फळ्यांचे शरीरच सारा भार पेलत असे. चारही चाके स्वतंत्र होती आणि स्प्रिंगच्या जागी पुढे व मागे रबर वापरले होते. हलके वजन, ताठ शरीर, स्वतंत्र चाके आणि पोलादाऐवजी रबर ही चारही सूत्रे वीस वर्षांनंतर मिनीत पुन्हा दिसतात. मिनीचा उगम सुएझच्या पेचप्रसंगात शोधण्याची प्रथा आहे, पण तो निम्मा तरी या मोटारीत शोधावा लागेल.

युद्धानंतरही त्यांनी ही मोटार स्पर्धांत चालवली. याच वर्तुळात त्यांची जॉन कूपर यांच्याशी ओळख झाली. ती पुढे निर्णायक ठरणार होती.

मॉरिस मायनर

युद्धकाळातच मॉरिसमध्ये एका छोट्या मोटारीचा आराखडा सुरू झाला होता. इसिगोनिस यांनी पुढील चाकांसाठी टॉर्शन बार, म्हणजे पिळवटून स्प्रिंगचे काम करणारी पोलादी कांब, योजली आणि इंजिन शक्य तितके पुढे बसवले. नमुना तयार झाल्यावर तो त्यांना अरुंद वाटला. त्यांनी ती मोटार लांबीने मधोमध कापून घेतली आणि दोन्ही अर्धुके सरकवून पाहिली. चार इंचांचे अंतर त्यांच्या नजरेला योग्य दिसले. बंपर आधीच बनवून झाले होते, म्हणून सुरुवातीच्या मोटारींच्या बंपरला मध्यभागी जोड दिसतो.

ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मॉरिस मायनर सादर झाली. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना ती मुळीच आवडली नव्हती, परंतु वळणांवरील तिचा स्थिरपणा पाहून ग्राहक तिच्याकडे वळले. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. भारतात हिंदुस्तान मोटर्सने तिची आवृत्ती ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने काढली. पुढे मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेल्या ॲम्बॅसॅडर मोटारीतही पुढील चाकांना टॉर्शन बार आणि रॅक-पिनियन सुकाणू हीच पद्धत होती. भारतीय रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या त्या मोटारीशी इसिगोनिस यांचा असा नातेसंबंध आहे.

१९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन यांचे विलीनीकरण होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) स्थापन झाली. नव्या व्यवस्थेत मोकळीक मिळणार नाही असे वाटून इसिगोनिस अल्विस कंपनीत गेले. तेथे त्यांनी आठ सिलिंडरच्या मोठ्या मोटारीचा आराखडा केला. खर्च न पेलल्याने कंपनीने तो सोडून दिला. मात्र याच काळात रबराच्या स्प्रिंगवर संशोधन करणारे ॲलेक्स मोल्टन त्यांचे सहकारी झाले. १९५५ च्या अखेरीस बीएमसीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी इसिगोनिस यांना परत बोलावले.

मिनी

१९५६ च्या सुएझ पेचप्रसंगामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचे शिधावाटप सुरू झाले आणि जर्मन बनावटीच्या तीनचाकी फुगेवजा गाड्यांचा खप वाढला. मार्च १९५७ मध्ये लॉर्ड यांनी खरीखुरी छोटी मोटार तातडीने तयार करण्यास सांगितले. इंजिन कंपनीकडे असलेलेच वापरायचे, एवढीच मुख्य अट होती.

इसिगोनिस यांनी जागेचा हिशेब उलट दिशेने मांडला. चार माणसे आणि त्यांचे सामान यांना लागणारी जागा आधी ठरवली आणि उरलेल्या जागेत यंत्रे बसवली. मोटारीची लांबी केवळ १० फूट (सुमारे ३.०५ मीटर) ठेवली. इंजिन आडवे केले, गिअरबॉक्स त्याच्या खालच्या तेलाच्या कुंडात घातला आणि शक्ती पुढील चाकांना दिली. त्यामुळे मागील चाकांकडे जाणारा लांब दांडा आणि त्यासाठी गाडीच्या तळात काढावा लागणारा उंचवटा दोन्ही गेले. चाके १० इंचांची घेतली. एवढ्या छोट्या चाकांसाठी डनलॉप कंपनीला नवे टायर बनवावे लागले. मोटारीच्या तळाच्या क्षेत्रफळापैकी सुमारे ८० टक्के भाग माणसे व सामान यांच्या वाट्याला आला.

पहिले नमुने ऑक्टोबर १९५७ मध्येच रस्त्यावर आले. जुलै १९५८ मध्ये लॉर्ड यांनी एक फेरी मारून उत्पादनाला संमती दिली आणि २६ ऑगस्ट १९५९ रोजी मॉरिस मिनी-मायनर व ऑस्टिन सेव्हन या दोन नावांनी ८४८ सीसी इंजिनाची ही मोटार जाहीर झाली. घाईचे दोषही त्यात होते. पहिल्या मोटारींच्या तळातून पावसाचे पाणी आत येई. किंमत मुद्दाम इतकी कमी ठेवली गेली की दर मोटारीमागे कंपनीच्या हाती फारसे काही राहत नसे. रचनेच्या बाबतीत कोणाचे न ऐकणाऱ्या इसिगोनिस यांनी उत्पादनखर्चाची पुरेशी काळजी घेतली नाही, ही टीका रास्त आहे.

रबरी शंकूंची सस्पेन्शन

रिकामी मिनी सुमारे ६०० किलो वजनाची होती. तिच्यात चार माणसे बसली की वजन जवळजवळ दीडपट होई. साधी स्प्रिंग रिकाम्या गाडीला सोयीची ठेवली तर भरलेली गाडी खाली बसते, आणि भरलेल्या गाडीला पुरेशी ताठ ठेवली तर रिकामी गाडी उसळते. मोल्टन यांनी तयार केलेल्या रबरी शंकूत ही अडचण उरली नाही, कारण रबर जसजसे दाबले जाते तसतसे अधिक ताठ होते. हा शंकू आकाराने लहान असल्याने जागाही वाचली. पुढे विशबोन आणि मागे ट्रेलिंग आर्म, म्हणजे पुढच्या टोकाशी खिळलेला व चाकाला मागे ओढून नेणारा दांडा, अशी मांडणी होती.

ही योजना प्रवाशांच्या वजनासाठी होती, पण तिचा एक परिणाम वळणांवर दिसला. गाडी बाहेरच्या बाजूस कलू लागली की त्या बाजूचे रबर ताठ होई आणि कल तेथेच थांबे. चाके चार कोपऱ्यांत, गुरुत्वमध्य खाली आणि सुकाणू तत्पर, यामुळे मिनी वळणावर वेग फारसा कमी न करता जाऊ शके. शर्यत डोळ्यांसमोर न ठेवता घडवलेली ही मोटार शर्यतीची निघाली.

टूरिंग कार शर्यती आणि मिनी कूपर

टूरिंग कार शर्यती बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारींमध्ये होतात. नियमांनी ठरवलेल्या मर्यादेतच बदल करता येतात. फॉर्म्युला वनमध्ये १९५९ व १९६० ही दोन्ही वर्षे अजिंक्य ठरलेल्या संघाचे जॉन कूपर यांनी मिनी चालवून पाहिली आणि तिची अधिक वेगवान आवृत्ती काढण्याचा प्रस्ताव इसिगोनिस यांच्यापुढे ठेवला. स्वतः शर्यतींत रमलेल्या इसिगोनिस यांना तो रुचला नाही. मिनी ही सामान्य माणसाची मोटार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कूपर यांनी मग बीएमसीचे जॉर्ज हॅरिमन यांना गाठले. शर्यतीच्या नियमांसाठी लागणाऱ्या १००० मोटारी काढून पाहण्यास त्यांनी होकार दिला. १९६१ मध्ये ९९७ सीसीची मिनी कूपर आली. तिच्या १० इंची चाकांत ७ इंचांचे डिस्क ब्रेक बसवले होते. १९६३ मध्ये १०७१ सीसीची कूपर एस आणि १९६४ मध्ये तिच्या ९७० व १२७५ सीसीच्या आवृत्त्या आल्या.

पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारीची शर्यतीतील अडचण समजून घेतल्याशिवाय मिनीचे यश कळत नाही. अशा मोटारीचे वजन पुढे अधिक असते. पुढच्याच दोन टायरांना गाडी ओढावी लागते, वळवावी लागते आणि ब्रेकचा मोठा भारही सोसावा लागतो. टायरची पकड ठरावीकच असल्याने ती या तिन्ही कामांत वाटली जाते. परिणामी वळणावर वेग वाढवताच गाडी पुढच्या बाजूने बाहेर सरकू लागते. शिवाय गाडी कलल्यामुळे आतल्या बाजूच्या पुढील चाकावरील भार कमी होतो आणि ते जागीच गरगरू लागते.

यावरचा उपाय पुढे नव्हे, तर मागे करावा लागतो, हे मिनीच्या तंत्रज्ञांनी अनुभवाने ओळखले. वळणावर भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. किती भार जाणार हे वेग, रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची ठरवतात. मात्र त्यातील किती वाटा पुढच्या जोडीने घ्यायचा आणि किती मागच्या, हे सस्पेन्शनच्या ताठपणावर अवलंबून असते. मागची बाजू अँटी-रोल बार लावून अधिक ताठ केली की ती जास्त वाटा उचलते आणि आतले पुढील चाक रस्त्याला टेकून राहते. याची टोकाची अवस्था म्हणजे मागचे आतले चाक हवेत उचलून तीन चाकांवर वळणारी मिनी. त्या काळच्या छायाचित्रांत हे दृश्य वारंवार दिसते. उचललेल्या चाकाने काहीच बिघडत नाही, कारण त्या चाकाला ओढण्याचे कामच नसते. मात्र हा ताठपणा अती झाला तर मागचा भाग घसरून गाडी फिरते. नेमका तोल साधणे हीच खरी कसोटी होती.

इतर फेरफारही इसिगोनिस यांच्या मूळ मांडणीतच बसणारे होते. रबरी शंकू आणि चाकाचा दांडा यांच्यामधला ॲल्युमिनियमचा कर्ण्याच्या आकाराचा तुकडा थोडा आखूड केला की गाडी खाली बसे. पुढील खालचा दांडा किंचित लांब केला की चाकाची वरची कड आत झुके. हा ऋण कॅम्बर दिल्यामुळे गाडी कलल्यावर बाहेरचा टायर सपाट टेकून पूर्ण रुंदीने पकड घेई. मागे मात्र ट्रेलिंग आर्मची एक मर्यादा होती. गाडी कलली की मागची चाकेही तिच्याबरोबर तितकीच कलत. म्हणून तेथे दांड्याच्या बाहेरच्या आधारपट्ट्या बदलून आधीच थोडा झुकाव देऊन ठेवावा लागे.

चालवण्याची रीतही निराळी होती. भर वळणात ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढे येई, मागची चाके हलकी होत आणि गाडीचे नाक वळणाच्या आत शिरे. निष्णात चालक याचा मुद्दाम उपयोग करीत. फिनलंडचे टिमो मॅकिनेन आणि रौनो आल्टोनेन उजव्या पायाने वेग कायम ठेवून डाव्या पायाने ब्रेक दाबत. ब्रिटिश चालक जॉन ऱ्होड्स मोटार वळणात तिरपी फेकत, तेव्हा पुढील टायरांतून धुराचे लोट निघत.

ब्रिटिश सलून कार अजिंक्यपदात गुण प्रत्येक गटातील स्थानानुसार मिळत असल्याने छोट्या मोटारीलाही सर्वसाधारण अजिंक्यपद जिंकता येई. १९६१ मध्ये जॉन व्हिटमोर यांनी मिनी चालवून आणि १९६२ मध्ये जॉन लव्ह यांनी मिनी कूपर चालवून ते जिंकले. १९६४ चे युरोपीय टूरिंग कार अजिंक्यपद वॉरविक बँक्स यांनी केन टिरेल यांच्या संघाच्या मिनीतून मिळवले. १९६९ मध्ये अलेक पूल यांनी ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा मिनीकडे आणले. रचना वीस वर्षांची जुनी झाल्यावरही १९७८ व १९७९ मध्ये रिचर्ड लाँगमन यांनी मिनी १२७५ जीटीतून ते लागोपाठ दोनदा जिंकले. माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्क (१९६४), मॅकिनेन (१९६५) आणि आल्टोनेन (१९६७) विजयी झाले. १९६६ मध्ये पहिल्या तिन्ही स्थानांवर आलेल्या मिनी दिव्यांच्या तांत्रिक नियमावरून बाद ठरवण्यात आल्या. तो निर्णय आजही वादग्रस्त मानला जातो.

हायड्रोलास्टिक आणि मतभेद

इसिगोनिस आणि मोल्टन यांचे मूळ स्वप्न रबरी शंकूंच्या पुढचे होते. हायड्रोलास्टिक पद्धतीत प्रत्येक चाकाशी रबर व द्रव असलेला कोश असतो आणि एका बाजूचे पुढचे व मागचे कोश नळीने जोडलेले असतात. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की द्रव मागे जाऊन मागची बाजूही उचलतो, त्यामुळे गाडी डुलत नाही. १९६२ च्या मॉरिस ११०० मध्ये ती प्रथम आली आणि तेथे उत्तम चालली. १९६४ मध्ये ती मिनीलाही बसवली गेली.

शर्यतीच्या चालकांचे मत मात्र वेगळे पडले. पुढची व मागची चाके एकमेकांशी जोडलेली असल्याने वेग वाढवताना गाडीचे नाक वर येई आणि ब्रेक लावताना खाली जाई. शिवाय पुढचा व मागचा ताठपणा स्वतंत्रपणे जुळवणे अवघड झाले, आणि पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारीत तर सारे त्यावरच अवलंबून. धावपट्टीवरील अनेक संघ जुन्या रबरी शंकूंकडे परतले. १९६९ पासून साध्या मिनीतही कंपनीने खर्चाच्या कारणाने रबरी शंकू पुन्हा आणले. एका अर्थी रचनाकाराने मागे टाकलेली त्याचीच कल्पना अधिक टिकाऊ निघाली.

उत्तरकाल

१९६१ मध्ये इसिगोनिस बीएमसीचे तांत्रिक संचालक झाले. १९६२ ची ११०० ब्रिटनमध्ये अत्यंत लोकप्रिय झाली. १९६४ ची १८०० युरोपातील वर्षातील सर्वोत्तम मोटार ठरली, पण ग्राहकांनी तिला तसा प्रतिसाद दिला नाही. बाजाराची पाहणी करून मोटार आखावी, हे त्यांना मान्य नव्हते. मिनीच्या बाबतीत हा हट्ट फळाला आला, नंतरच्या मोटारींत तो नडला.

त्यांना १९६४ मध्ये सीबीई, १९६६ मध्ये रॉयल सोसायटीचे लेव्हरह्यूम पदक, १९६७ मध्ये त्या संस्थेचे सदस्यत्व आणि १९६९ मध्ये सर हा किताब मिळाला. पण सन्मानांच्या याच काळात त्यांचे अधिकार गेले होते. १९६८ मध्ये बीएमसी आणि लेलँड यांचे विलीनीकरण झाले आणि तांत्रिक संचालकपदी हॅरी वेब्स्टर आले. मिनीपेक्षाही आखूड, हलकी आणि कमी भागांची ‘९एक्स’ ही नवी मोटार इसिगोनिस यांनी तयार केली होती. कंपनीने ती उत्पादनात घेतली नाही. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले, तरी सल्लागार म्हणून १९८७ पर्यंत काम करीत राहिले. आईचे निधन १९७२ मध्ये झाले.

निधन आणि वारसा

अखेरच्या वर्षांत पार्किन्सनच्या विकाराने त्यांना ग्रासले होते. २ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅममधील एजबॅस्टन येथील निवासस्थानी त्यांचे निधन झाले.

मिनीचे उत्पादन ऑक्टोबर २००० पर्यंत चालले आणि एकूण ५३ लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. अखेरच्या मिनीच्या चाकांमागेही मोल्टन यांचे रबरी शंकूच होते. १९९९ मध्ये शतकातील सर्वोत्तम मोटारीच्या आंतरराष्ट्रीय निवडीत फोर्ड टी मोटारीच्या खालोखाल मिनीला दुसरे स्थान मिळाले. ब्रिटिश टूरिंग कार अजिंक्यपद १९९४ मध्ये गाब्रिएले तार्क्विनी यांनी अल्फा रोमिओतून, १९९५ मध्ये जॉन क्लेलँड यांनी व्हॉक्सहॉलमधून आणि १९९७ मध्ये अलें मेन्यू यांनी रेनॉमधून जिंकले. या तिन्ही मोटारी पुढील चाकांवर चालणाऱ्या होत्या.